पेटंटच्या मालकीची नोंद आणि नावातले एक अक्षर: पेटंट कार्यालयाच्या ऑनलाइन सेवेविषयी

भोसरीतील आमच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या एका जिगचे (काम करताना सुटा भाग योग्य जागी धरून ठेवणाऱ्या साधनाचे) पेटंट माझ्या वडिलांच्या वैयक्तिक नावावर होते. व्यवसायाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाल्यावर ते पेटंट कंपनीच्या नावावर करून घेणे आवश्यक झाले आणि त्यासाठी आम्ही भारतीय पेटंट कार्यालयाच्या ऑनलाइन सेवेचा उपयोग केला. आमचे प्रकरण अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनातील मुंबई शाखेकडे होते. मात्र अर्ज दाखल करणे, शुल्क भरणे आणि पत्रव्यवहार ही कामे कारखान्याच्या ऑफिसात बसूनच झाली.

पेटंट मिळालेले असेल तर नव्या मालकाने फॉर्म 16 भरायचा असतो. अर्ज अजून प्रलंबित असेल तर मार्ग वेगळा आहे. तेथे पेटंट अधिनियमाच्या कलम 20 खाली फॉर्म 6 लागतो, आणि ही गल्लत अनेकांकडून होते. फॉर्म 16 चे ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना प्रत्येक पेटंटमागे 1,600 रुपये, तर इतरांना 8,000 रुपये आहे. ही रक्कम वाचवण्यासाठी नोंद लांबणीवर टाकणारे उद्योजक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला खरोखर काळजी वाटते. पेटंट अधिनियम, 1970 च्या कलम 68 नुसार हस्तांतरण लेखी आणि सर्व अटींसह दस्तात उतरलेले असल्याशिवाय वैध ठरत नाही. आणि कलम 69 नुसार ज्या दस्ताची नोंद झालेली नाही, तो पेटंट नियंत्रकाने किंवा न्यायालयाने कारणे नमूद करून परवानगी दिल्याशिवाय मालकीचा पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. म्हणजे दस्त कपाटात कितीही नीट जपून ठेवला, तरी नोंदीवाचून ऐन वेळी तो उपयोगी पडेलच असे नाही. दस्तावर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले असणेही तितकेच आवश्यक आहे.

आमची अडचण मात्र शुल्काची किंवा मुद्रांकाची नव्हती, ती एका अक्षराची होती. वडिलांचे नाव दत्तात्रय. पॅन कार्डावर त्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘ए’ आहे, तर काही वर्षांपूर्वी एका सल्लागाराने मूळ अर्ज टाइप करताना तो ‘ए’ गाळला होता आणि वडिलांनी न वाचता सही केली होती. पेटंट त्याच नावाने मंजूर झाले. हस्तांतरणाचा दस्त आम्ही पॅन कार्डाप्रमाणे केला, त्यामुळे दस्त लिहून देणारा आणि पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीतील मालक ही कागदोपत्री दोन वेगळी माणसे दिसू लागली. कार्यालयाकडून आलेल्या पत्रात नेमकी हीच विसंगती दाखवलेली होती. ती हरकत पूर्णपणे रास्त होती, असे मी मनापासून म्हणतो.

पेटंट कार्यालयाला कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागतात, आणि बहुतेक जण इंग्रजीच निवडतात. मराठी नावे रोमन लिपीत जाताना कधी एक ‘ए’ वाढतो, कधी ‘एच’ गळतो. नोंदवहीत रोमन लिपीतील नावाशेजारी देवनागरी नावही ठेवण्याची सोय झाली, तर असे कितीतरी घोटाळे मुळातच टळतील.

अशा चुकीसाठी कलम 78 आहे. त्याखाली लेखी विनंती आणि विहित शुल्क भरून पेटंटमधील, विनिर्देशातील (शोधाच्या सविस्तर वर्णनातील) किंवा नोंदवहीतील लेखनिक चूक दुरुस्त करून घेता येते. आम्ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे वडिलांचे प्रतिज्ञापत्र आणि पॅन कार्डाची प्रत जोडली. आधी नावाची दुरुस्ती आणि मग हस्तांतरणाची नोंद, हा क्रम आम्हाला योग्य वाटला आणि तोच मार्गी लागला. परंतु प्रत्येक चूक लेखनिक नसते. दस्तात पेटंटचा क्रमांकच दुसरा पडला असेल, तर पक्षकारांनी दुरुस्तीपत्र करून घ्यावे हे उत्तम. आणि एखाद्याचे नाव नोंदवहीत विनाकारण घातले गेले किंवा वगळले गेले असेल, तर कलम 71 खाली उच्च न्यायालयात जावे लागते. पूर्वी हे काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे असे. 2021 मध्ये ते मंडळ रद्द झाले.

अमेरिकेतील पेटंट कार्यालय हस्तांतरणाचा दस्त वैध आहे की नाही हे तपासत नाही, केवळ नोंदवून घेते. 2024 पासून त्यांचे ‘असाइनमेंट सेंटर’ हे काम ऑनलाइन करते, आणि पेटंटच्या ऑनलाइन नोंदीला तेथे शुल्क नाही. चुकीची नोंद सहसा पुसली जात नाही, दुरुस्तीचा दस्त तिच्यापुढे जोडला जातो. ती पद्धत निश्चितच सुटसुटीत आहे. तरीही छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने मला आपली पद्धत अधिक भावते, कारण नोंद करण्यापूर्वी कोणीतरी दस्त उघडून, नाव ताडून पाहते.

ही सेवा वापरू इच्छिणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: दस्त लिहायला घेण्याआधी ऑनलाइन ई-रजिस्टर, म्हणजे पेटंटची नोंदवही, उघडावे आणि त्यातील मालकाचे नाव, पत्ता व पेटंट क्रमांक अक्षरशः उतरवून घ्यावा. आमच्या पेटंटच्या पानावर आता वडिलांचे नाव शेवटच्या ‘ए’सह आहे, त्याखाली कंपनीचे नाव आहे, आणि त्या पानाची प्रमाणित प्रत आम्ही दस्तासोबत एकाच फायलीत ठेवली आहे.