सड्यावरच्या बागेतला सोलर कॅमेरा: एक हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

‘काका, बॅटरी गेलीय. नवीन टाका, चौदाशे रुपये.’ कॅमेरा फोटो पाठवत नाही या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरमधून पुन्हा हेच उत्तर आलं, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. बॅटरी गेलेली नाही. शहरातल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे सेल नेऊन त्याच्या चार्जरवर पूर्ण भरले, पूर्ण उतरवले, क्षमता मोजली. छापील आकड्यापेक्षा किंचितच कमी निघाली. चांगल्या बॅटरीवर चौदाशे रुपये मी घालणार नाही. दुखणं कॅमेऱ्याच्या झोपेच्या सेटिंगमध्ये आहे.

मेगापिक्सेल, पॅनेलचे वॅट वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडतो. आमची आंब्याची कलमं रत्नागिरी तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत, मांगरापर्यंत (बागेतल्या खोपटापर्यंत) अजून लाइटचा पोल आलेला नाही. मोहोर फुटताना हा सिमवाला कॅमेरा लावला. आंबा उतरला, पाऊस झाला, कॅमेरा तिथेच आहे. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू तेवढे गंजले, आत पाण्याचा थेंब गेला नाही. वानरांची टोळी कुंपणाशी आली की मोबाइल वाजतो आणि राखणदार वेळेवर पोचतो. या कामात तो उत्तमच आहे.

आता मुख्य मुद्दा. असा कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो. अंगाची उष्णता ओळखणारा छोटा सेन्सर तेवढा जागा, त्याला फार थोडा करंट लागतो. खरा खर्च जागं होऊन सिमवरून फोटो पाठवण्याचा. हिशोब मांडून बघा: एकदा जाग आली की मॉडेम मिनिटभर चालतो आणि सरासरी १५० मिलीअँपिअर खातो असं धरा. म्हणजे प्रत्येक वेळी जागं होण्याला अडीच मिलीअँपिअर-तास (बॅटरीवर mAh लिहितात ते). दर पाच मिनिटांनी जाग आली तर दिवसाला २८८ वेळा, ७२० मिलीअँपिअर-तास. ५२०० ची बॅटरी ऊन नसेल तर आठवडाभरात संपली. तीच जाग तासाला एकदा आली तर अडीच महिन्यांच्या वर चालेल. सड्यावर रेंज कमी, त्यामुळे मॉडेम जोर लावतो आणि आणखी खातो. म्हणजे सगळा खेळ तो कधी आणि किती वेळा जागा होतो यावर आहे, आणि नेमकी तीच सेटिंग ॲपमध्ये चार वेगवेगळ्या पानांवर विखुरली आहे: एकीकडे कामाच्या वेळा, दुसरीकडे दोन फोटोंमधलं अंतर, तिसरीकडे हजेरी, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा निरोप, किती वेळाने द्यायची ते, चौथीकडे पॉवर मोड. यातलं कोण कोणावर वरचढ, हे कुठेही लिहिलेलं नाही.

वेळांचंच घ्या. रात्री डुक्कर येतो, खाली पडलेला आंबा खातो, कलमांभोवतीची आळी उकरतो. चोरीची भीतीही रात्रीचीच. वानरं सकाळी आणि संध्याकाळी. भर दुपारी तीही सावलीला बसतात, आणि मे महिन्यात जांभा इतका तापतो की अंगाची उष्णता नि जमिनीची उष्णता यांतला फरक सेन्सरला नीट कळत नाही. तेव्हा त्याला झोपू द्यावं. मला तीन वेळा हव्या होत्या, ॲपमध्ये रकाने दोनच. संध्याकाळी सात ते सकाळी सहा असं भरलं की ‘चुकीची वेळ’. मध्यरात्र ओलांडलेली त्याला चालत नाही! म्हणून सात ते ११:५९ आणि बारा ते सहा असे तुकडे करावे लागले. दोन्ही रकाने रात्रीतच गेले, वानरांना मोकळं रान.

एवढं लिहून ठेवलं होतं, तोवर ॲपचा अपडेट आला, तेव्हा मत थोडं बदलतो. आता रात्र एका रकान्यात मावते. दुसरा मी सकाळला दिला. संध्याकाळ अजून राखणदाराच्या भरवशावर आहे, पण राग निम्मा उतरला.

पॉवर मोडचं दुखणं मात्र तसंच आहे. चार्ज २० टक्क्यांखाली गेला की कॅमेरा आपणहून ‘इको’मध्ये, म्हणजे बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये जातो. हे योग्यच. पण ऊन पडून चार्ज ऐंशीवर गेला तरी बाहेर येत नाही, आपण भरलेल्या वेळा गुंडाळून ठेवतो आणि कळवतही नाही. जुलैत ढग हटेनात तेव्हा हेच झालं. बाग फोटो पाठवत नाही म्हणून मी तक्रार केली आणि तिकडून बॅटरीचं निदान झालं. ‘इकोतून परत का येत नाही?’ या प्रश्नाला आजवर उत्तर नाही.

हे बनवणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे, बागायतदाराला मिलीसेकंद विचारू नका. काय पकडायचंय, दिवसा की रात्री, आणि ऊन नसताना किती दिवस टिकायला हवं, एवढं विचारा. बाकीचं यंत्राने ठरवावं आणि त्याच पानावर मोठ्या अक्षरात दाखवावं: ‘या सेटिंगवर अंदाजे इतके दिवस’. ‘सूर्यास्त ते सूर्योदय’ असं एक बटण दिलं तरी अर्धं काम होईल. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास. दर महिन्याला वेळा बदलत कोण बसणार? जागेवरून आणि तारखेवरून सूर्यास्त काढणं यंत्राला जड नाही.

घ्यायचा असेल तर मोहोराच्या आधी घ्या, म्हणजे ऊन असताना सेटिंग बसवता येते. कोणत्या कंपनीची रेंज बागेत मिळते ते उभं राहून बघा, मगच सिम टाका. हजेरी तासावर ठेवा, दोन फोटोंमध्ये निदान दोन मिनिटं सोडा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पॉवर मोडचं पान उघडून बघा, इकोत अडकला असेल तर हाताने ‘नॉर्मल’ करा. आणि बॅटरी बदला म्हणाले तर आधी क्षमता मोजून घ्या, शंभरेक रुपयांत काम होतं.