परदेशी जोडीदार आणि परदेशात जन्मलेलं मूल: भारतीय नागरिकत्व की ओसीआय?

जोडीदार परदेशी, मूल परदेशात जन्मलेलं आणि मन भारतात परतायचं म्हणतंय. अशा कुटुंबापुढे दोन वाटा असतात: नागरिकत्व किंवा ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिक राहूनच भारतात दीर्घकाळ राहण्याची मुभा).

जोडीदाराला नागरिकत्व हवं असेल तर भारतात ७ वर्षांचं वास्तव्य लागतं आणि मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. ओसीआयसाठी लग्नाची नोंदणी आणि किमान २ वर्षांचा संसार पुरतो, मूळ पासपोर्टही हातात राहतो. मात्र मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्ड जातं. इथेच आयुष्य काढायचं असेल तर याचा आधी विचार करा, कारण घटस्फोटाच्या वेळी मुलं इथे असतील.

मुलाच्या बाबतीत मात्र वेळ दवडू नका. आईवडिलांपैकी एकजण भारतीय असेल तर जन्मापासून १ वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदणी करावी. वर्ष उलटून गेलं तर नोंदणीसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. म्हणून जन्मदेशाचा पासपोर्ट आधी काढू नका, नाहीतर उरतो तो ओसीआयच. जन्मानेच दुसरं नागरिकत्व मिळालं असेल, तर १८ पूर्ण झाल्यावर ६ महिन्यांत ते सोडावं लागतं, नाहीतर भारतीय नागरिकत्व संपतं.

माझ्या मते जोडीदारासाठी आधी ओसीआय, मुलासाठी आधी नोंदणी.