रणांगणावरून पत्नीला : जनरल मोनाश यांच्या पत्रांचे दोन खंड

मोनाश हे नाव आपल्याकडे ऐकले जाते ते बहुधा विद्यापीठामुळे. मेलबर्नला शिकायला गेलेल्या मुलांच्या तोंडी ते असते आणि पवईच्या आयआयटीने त्या विद्यापीठाच्या सहकार्याने चालवलेल्या संशोधन अकादमीमुळे मुंबईतही ते रुळले आहे. ज्यांच्यावरून विद्यापीठाला हे नाव मिळाले ते सर जॉन मोनाश (१८६५–१९३१) हे मूळचे स्थापत्य अभियंते. प्रशियातून ऑस्ट्रेलियात आलेल्या ज्यू दांपत्याचा हा मुलगा पुलांच्या आणि काँक्रीटच्या धंद्यातून पहिल्या महायुद्धात उतरला आणि शेवटच्या वर्षी संपूर्ण ऑस्ट्रेलियन कोअरचा, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या सैन्याचा, सेनापती झाला. या काळात त्यांनी मुख्यतः पत्नी व्हिक हिला, आणि काही प्रसंगी मुलगी बर्था हिला, लिहिलेल्या पत्रांच्या टंकलिखित प्रती दोन खंडांत आहेत. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलने त्या कोणालाही घरबसल्या, विनामूल्य वाचता येतील अशा उपलब्ध करून दिल्या आहेत. हे परीक्षण त्या सेवेचे आहे आणि ओघानेच तिच्यातून जे हाती लागते त्याचेही.

पहिला खंड डिसेंबर १९१४ मध्ये, मोनाश चौथ्या ब्रिगेडसह मेलबर्न सोडतात तेव्हा सुरू होतो आणि मार्च १९१७ पर्यंत जातो. दुसरा तेथून डिसेंबर १९१८ पर्यंत. पाने टंकलिखित असल्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे हस्ताक्षर लावत बसण्याचा त्रास वाचतो, पण मूळ पत्रातली खाडाखोड, घाईत वाकडी झालेली ओळ, समासात कोंबलेला मजकूर हे सारेही त्याबरोबर जाते. रणांगणावरचे पत्र हातात घेतल्याचा भास ज्यांना हवा आहे त्यांची येथे निराशा होईल. ज्यांना मजकूर हवा आहे त्यांनी निःशंकपणे वळावे. १९३४ साली एफ. एम. कटलॅक यांच्या संपादनाखाली या पत्रांची निवड छापली गेली होती आणि पुढेही तिच्या आवृत्त्या निघाल्या. प्रथमच वाचणाऱ्याला छापील निवड अधिक सोयीची, हे मान्य करूनही मी या दोन खंडांनाच झुकते माप देईन, कारण युद्धाच्या दिवसांत मोठ्या घटनांच्या मध्ये पसरलेला कंटाळा निवडीत गळून जातो आणि इथे तो जागच्या जागी आहे.

क्रमाने वाचायला बसू नये, असे मी सुचवीन. इजिप्तमधली सुरुवातीची पत्रे सावकाश चालतात. थेट १६ मे १९१५ चे पत्र उघडावे. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ब्रिगेड उतरून तीन आठवडे झालेले आहेत, २ मेच्या हल्ल्यात तिची भयंकर हानी झालेली आहे, आणि मोनाश व्हिकला सांगतात की बावीस दिवस, अहोरात्र लढाई चालू आहे आणि या सर्व काळात तोफेचा वा बंदुकीचा आवाज मुळीच न आलेला सर्वांत मोठा अवधी दहा सेकंदांचा होता, असे बहुतेकांचे मत आहे. एक जण म्हणतो की त्याने एकदा चौदापर्यंत मोजले, पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. बायकोला भीती वाटू नये म्हणून काही लपवायचे, आणि तरी कानांवर काय आदळते आहे ते तिला कळलेच पाहिजे, या दोन इच्छांमधून हा विनोद निघाला आहे. त्या दिवसांच्या वर्णनांत ते जवळून जाणाऱ्या गोळीची गुणगुण आणि डोक्यावरून उंच जाणाऱ्या गोळीचा चाबकासारखा फटकारा असा भेदही करून दाखवतात. ब्रिगेडची धावपळ परक्याला डिवचलेल्या मुंग्यांच्या वारुळासारखी वाटेल, पण प्रत्यक्षात तो व्यवस्थेचा विजय आहे, असेही ते लिहितात. माणूस खंदकात असला तरी नजर बांधकामावरच्या इंजिनिअरची आहे. ही नजर संपूर्ण पत्रव्यवहाराचा गुण आहे आणि दोषही.

दोष म्हणण्याचे कारण असे की कित्येकदा पत्र पत्नीला आहे हे विसरायला होते. कोणत्या तुकडीने कोणती टेकडी केव्हा घेतली, राजाने कोणाशी हस्तांदोलन केले, वरिष्ठांनी आपल्याविषयी काय उद्गार काढले, याची नोंद मोनाश अशा बारकाईने करतात की वाचणाऱ्याला बखरकाराची आठवण यावी, आणि बखरकाराप्रमाणेच त्यांना आपल्या धन्याचे, म्हणजे स्वतःचे, माहात्म्य कमी पडू द्यायचे नसते. सप्टेंबर १९१६ मध्ये ब्रिटनचा राजा पाचव्या जॉर्जने इंग्लंडमधल्या सॅलिस्बरी मैदानावर, आता त्यांच्याकडे आलेल्या तिसऱ्या डिव्हिजनची पाहणी केली, त्या दिवसाबद्दलचा त्यांचा आनंद लहान मुलासारखा आहे. मला हा आत्मगौरव सुरुवातीला खटकला. पुढे लक्षात आले की जर्मन आडनाव आणि ज्यू घराणे यांमुळे मेलबर्नमध्ये त्यांच्या निष्ठेबद्दल कुजबुज झालेली होती, आणि १९१८ मध्येदेखील युद्धवार्ताहर चार्ल्स बीन आणि पत्रकार कीथ मर्डॉक यांनी त्यांच्याऐवजी दुसरा सेनापती यावा म्हणून खटपट केली. अशा माणसाने घरी पाठवलेला कागद एक प्रकारे दफ्तरात ठेवण्याचा पुरावाही असतो.

ज्यू सैनिकाची पत्रे म्हणून जो वाचायला जाईल त्याने मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. मोनाश यांचे आजोबा प्रशियातल्या क्रोटोशिन गावात हिब्रू ग्रंथांचे मुद्रक होते, स्वतः मोनाश पुढे १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या झायोनिस्ट (ज्यूंच्या स्वतंत्र मायभूमीचा पुरस्कार करणाऱ्या) फेडरेशनचे अध्यक्ष झाले, पण या पत्रांत धर्म, सण, प्रार्थना यांचे उल्लेख अगदी विरळ आहेत.

दुसऱ्या खंडाचा स्वर बदलतो. १२ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममधल्या पाशेंडेलच्या चिखलात त्यांच्या डिव्हिजनचा हल्ला फसला आणि १८ तारखेच्या पत्रात त्यांनी व्हिकला लिहिले की आपल्या माणसांचा अविचारी साहसांत बळी दिला जात आहे आणि युद्धमंत्रिमंडळात त्याविरुद्ध आवाज उठवणारा कोणी नाही. सामान्य शिपायाने असे लिहिले असते तर सेन्सॉरने त्या ओळी काळ्या केल्या असत्या. अधिकाऱ्यांची पत्रे सहसा वरिष्ठ वाचत नसत, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला जाई, आणि या मोकळिकीमुळेच हा संग्रह इतका मोलाचा झाला आहे. त्याच युद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रे आज मुख्यतः सेन्सॉरच्या अहवालांतील इंग्रजी उताऱ्यांच्या रूपात उरली आहेत, आणि मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूतच्या वेढ्यात अडकलेल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींतल्या जवानांच्या घरी काय पोचत होते याचा विचार हे खंड वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

४ जुलै १९१८ च्या, फ्रान्समधल्या हामेलच्या लढाईची योजना नव्वद मिनिटांची होती आणि ती त्र्याण्णव मिनिटांत संपली. त्या तीन मिनिटांचा हिशेब ठेवणारा माणूस कसा असेल, हे आधीच्या पत्रांमुळे कळलेले असते. १२ ऑगस्टला बर्टांग्ल येथे राजाने रणभूमीजवळच त्यांना नाइट केले. विजयाच्या या दिवसांतला मजकूर मला सर्वांत कमी रोचक वाटला, कारण जे व्हिकला वृत्तपत्रांतून आधीच कळणार होते तेच त्यात पुष्कळदा आहे. टपाल जहाजाने जाई, त्याला आठवडेच्या आठवडे लागत, आणि गॅलिपोलीच्या उतरणीची पहिली सविस्तर हकीकतही ऑस्ट्रेलियातल्या बायकांनी ८ मे १९१५ च्या वर्तमानपत्रांतच वाचली होती.

व्हिकची उत्तरे या खंडांत नाहीत, ही मला जाणवलेली खरी उणीव. १८९१ मध्ये झालेले हे लग्न सुरुवातीची काही वर्षे वादळी होते, दोघे काही महिने वेगळेही राहिले होते, आणि चरित्रकारांच्या मते युद्धाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये मोनाश यांची दुसऱ्या एका स्त्रीशी जवळीक होती. पत्रांत यातले काही दिसणार नाही. म्हणून ही पत्रे वाचताना शेजारी त्यांचे एखादे चरित्र ठेवावे, आणि पत्रलेखक जेथे अतिशय नेमका होतो तेथे तो कशाबद्दल लिहीत नाही याकडेही लक्ष असू द्यावे.

दुसरा खंड डिसेंबर १९१८ ला थांबतो. सैनिकांना मायदेशी पाठवण्याचे काम मोनाश यांच्याकडे आले, १९१९ मध्ये व्हिक आणि बर्था लंडनला त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा पत्रांची गरजच उरली नाही. तिघे २६ डिसेंबर १९१९ ला मेलबर्नला परतले. २७ फेब्रुवारी १९२० ला व्हिक कर्करोगाने वारली.