पी पफर, दहा महिन्यांनंतर

पी पफर घेताना दुकानदाराने तीन गोष्टी सांगितल्या होत्या: हा मासा मोठा होत नाही, काहीही खातो, आणि पाण्यात दोन चमचे खडेमीठ टाकत जा. पहिली खरी निघाली. दुसरीपायी माझे दोन मासे गेले. तिसरीपायी नुसतं मीठ गेलं.

डिसेंबरात सहा आणले, १५० रुपयांना एक. टँक दोन बाय एक बाय एक फूट, काठोकाठ भरला तर ५६ लिटर. भांडुपच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी तेवढीच जागा उरली होती. आईने काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे तर केंड!" आमचं गाव मालवणकडचं. तिकडे केंड जाळ्यात आला की कोणी खूश होत नाही. जाळी कुरतडतो आणि विषारी म्हणून खायचाही नाही. हा त्याचाच गोड्या पाण्यातला, वाटाण्याएवढा भाऊबंद. "आणि ह्याचे तू पैसे दिलेस?" हा प्रश्न अजून अधूनमधून येतो.

मिठाचा घोळ बहुतेक नात्यागोत्यातून आलाय. दुकानात शेजारच्याच टाकीत हिरवे, काळ्या ठिपक्यांचे पफर असतात. ते मोठे झाले की त्यांना मचूळ पाणी लागतं. पी पफरचा सगळा जन्म मात्र गोड्या पाण्यात जातो. केरळ आणि दक्षिण कर्नाटकात, पश्चिम घाटातून उतरणाऱ्या नद्यांच्या संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या भागात तो सापडतो. १९४१ साली होरा आणि नायर यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते पंपा नदीतल्या माशांवरून. त्रावणकोरवरून नाव पडलं कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. जास्तीत जास्त साडेतीन सेंटीमीटर. माझी सगळ्यात मोठी मादी अडीचवर थांबलीय.

आता खाण्याचं. मी या माशाला पाचपैकी साडेतीन देतो, आणि कापलेले दीड गुण सगळे खाण्याचे आहेत.

दाणे टाकले तर तो जवळ येतो, एक डोळा फिरवून बघतो आणि निघून जातो. सहापैकी दोघांची पोटं आणतानाच आत गेलेली होती, मला ते तेव्हा कळलं नाही. दुकानात येणारे बरेचसे नदीतून पकडलेले असतात आणि पोटात जंत घेऊन येतात. त्यात दाण्यांना तोंड लावेनात, ते दोघे तीन आठवड्यांत गेले. उरलेल्या चौघांना प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून जंताचं औषध दिलं, तेही जपून, कारण याच्या अंगावर खवले नसतात आणि औषध लवकर बाधतं. तुम्ही घेणार असाल तर मासा बाजूने बघा, आणि दुकानदाराला समोर खायला घालायला लावा. तो कुरकुरला तर दुसरं दुकान.

याला लागतात गोगलगायी. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) चालतात, मोइना हे पाण्यातले बारीक जीव आवडीने खातो, पण गोगलगायींशिवाय भागत नाही. वर दोन आणि खाली दोन असे चार दात जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. टेट्राओडॉन म्हणजे चार दातांचा. ते नखांसारखे वाढत राहतात आणि कडक काही फोडल्याशिवाय झिजत नाहीत. फारच वाढले तर तोंड नीट मिटत नाही आणि मासा समोर खाणं असून उपाशी राहतो.

सकाळी सातला मी एक रॅम्सहॉर्न जातीची गोगलगाय सोडतो. बंड्या, म्हणजे आमचा एकुलता नर, पुढे येतो, पण तोंड घालायची घाई करत नाही. पोटाखालचे पंख याला नसतातच. छातीचे, पाठीचे आणि मागचे पंख भिरभिरवत तो हेलिकॉप्टरसारखा जागच्या जागी तरंगतो. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात: एक गोगलगायीवर, एक माझ्यावर. अंग जरासं तिरकं करतो, शेपटी बाजूला मुडपतो. गोगलगायीने शिंग बाहेर काढलं की टच्च, शिंग गेलं. ती आत, हा बाहेर उभा. मिनिटभराने तिचा पाय परत दिसला की मांस धरून एक हिसडा. रिकामा शंख वाळूवर पडतो. गोगलगाय तुरीच्या डाळीएवढी असली तर एवढा खटाटोप नाही, शंखासकट कडकन. टोकदार शंखाच्या मलेशियन गोगलगायी मी घालत नाही. त्या फार कडक, दाताचा तुकडा पडायचा.

तर मुद्दा असा की मासा पाळणं सोपं आहे, त्याचं जेवण पाळणं हे खरं काम. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या वनस्पतींना चिकटून गोगलगायी फुकट येतात. बाकीचे लोक त्या वेचून फेकतात, मी त्यांच्याकडे डबा घेऊन मागायला जातो. गॅलरीत एक बादली ठेवली, दुधीच्या साली आणि शंखासाठी अंड्याचं टरफल टाकलं. रॅम्सहॉर्न उभयलिंगी असतात, प्रत्येकजण अंडी घालतो, त्यामुळे महिन्याभरात बादली गजबजली. मग मी हावरटपणा केला. रोज मूठभर काढल्या आणि मार्चमध्ये तळाशी फक्त साली राहिल्या. दोन आठवडे ब्लडवर्मवर काढावे लागले, बंड्या माझ्याकडे बघायचाच नाही. आता दोन बादल्या आहेत, एकीतून काढत असलो की दुसरीला हात लावत नाही. जूनमध्ये त्यांत डासांच्या अळ्या झाल्या. पफरांची चंगळ झाली, पण डेंग्यूच्या दिवसांत सोसायटीत ते खपण्यासारखं नव्हतं. खालच्या काकांनी सुनावलं, बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून बादल्यांना मच्छरदाणीचं कापड बांधलेलं असतं.

पाण्याचं फार काही नाही. नळाच्या पाण्याला अँटीक्लोरीन, दर आठवड्याला एक तृतीयांश बदल, स्पंज फिल्टर, कारण जोराच्या प्रवाहात हा बिचारा भरकटतो. मासे आणण्याआधी महिनाभर टँक पाणी भरून, पण माशांशिवाय चालवला होता, तो वेळ वाचवू नका. मे महिन्यात तापमान ३२ वर गेलं, तेव्हा झाकण काढून वर छोटा पंखा लावला, २९ पर्यंत आलं.

फुगलेला कधी पाहिला का, असं सगळे विचारतात. एकदाच, आणि चूक माझी होती. जाळीने उचलायला गेलो तर टेबलटेनिसच्या बॉलसारखा झाला. तो पोटात पाणी भरून घेतो. याला बरगड्या नसतात, म्हणून एवढं ताणता येतं. पाण्याबाहेर फुगला तर हवा आत जाते आणि ती बाहेर काढणं त्याला जड जातं. म्हणून हलवताना पाण्यासकट पेल्यात घ्यायचा. पाहुण्यांना दाखवायला फुगवणाऱ्यांनी हा मासा घेऊ नये.

फेब्रुवारीत बंड्याच्या पोटावर मधोमध काळी रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या दिसायला लागल्या, तेव्हा कळलं की नर एकच आहे. हे नशीब. दोन असते तर या टँकमध्ये एकाची शेपटी राहिली नसती. माद्याही एकमेकींना टोचतात, म्हणून वॅलिसनेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती इतकी दाट ठेवलीय की कोणी कोणाला सरळ दिसू नये.

जुलैत बंड्याने एका मादीला जावा मॉसमध्ये, म्हणजे टँकमधल्या शेवाळासारख्या झुपक्यात, ढकलत नेलं. संध्याकाळी मॉस वेगळ्या डब्यात काढलं, तर आत काचेच्या मण्यांसारखी मिलिमीटरभराची अंडी. पाचव्या दिवशी फुटली. खायला आधी सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी, मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची पिल्लं असं करत तीन जगली. हे जमलं म्हणून पुढचं बोलायचा मला हक्क आहे असं समजतो: हा मासा आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, धोक्यातल्या जीवांच्या यादीत 'असुरक्षित' आहे. नद्या खराब होतायत हे एक कारण, आणि आमच्यासारख्यांच्या टँकसाठी होणारी पकड हे दुसरं. दुकानदाराने मला हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पुन्हा घ्यायची वेळ आली तर टँकमध्ये जन्मलेलेच घेईन, दुप्पट पैसे पडले तरी.

गणपतीत पाच दिवस गावी जायचं होतं. निघताना २५ बारक्या गोगलगायी सोडल्या. परत आलो तर वाळूवर रिकामे शंख आणि चौघांची पोटं गोल. शेजाऱ्यांना किल्ली द्यावी लागली नाही, हा एक मोठाच फायदा.

पिल्लं आता तुरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी झालीयत. आई दुधी चिरायला बसली की साली कचऱ्यात टाकत नाही. वाटीत काढून गॅलरीच्या दाराशी ठेवते आणि हाक मारते, "तुझ्या केंडांच्या बकऱ्यांना चारा घाल रे."