ओबीएस स्टुडिओ : चित्र सहज सुधारतं, आवाजासाठी मेहनत घ्यावी लागते

लाइव्ह अडखळतंय म्हटलं की लोक आधी नवा कॅमेरा शोधतात. ओबीएस स्टुडिओ, म्हणजे संगणकावरून लाइव्ह प्रक्षेपण आणि रेकॉर्डिंग करण्याचं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर त्याआधी त्यातलं 'स्टॅट्स' पॅनल उघडा. या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधली सर्वांत कामाची जागा तीच, कारण फ्रेम नेमक्या कुठे गळतात हे तिथे वेगवेगळं दिसतं. रेंडरिंग लॅग असेल तर ग्राफिक्स कार्डवर ताण आहे. एन्कोडिंग लॅग असेल तर एन्कोडर, म्हणजे चित्र आकुंचित करून पाठवण्याजोगं करणारा भाग, पुरा पडत नाही. एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) वापरत असाल तर प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, 'व्हेरीफास्ट' ठेवा, नाहीतर हार्डवेअर एन्कोडर निवडा. ड्रॉप्ड फ्रेम्स मात्र नेटवर्कमुळेच होतात. तिथे कॅमेरा काय करणार? वायफाय सोडून केबल जोडा आणि बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) कमी करा.

बिटरेट अपलोड वेगाच्या पाऊणपटीच्या आत हवा. रेट कंट्रोल सीबीआर (कायम एकसारखा बिटरेट), कीफ्रेम इंटरव्हल (दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर) २ सेकंद. अपलोड ५ एमबीपीएसच असेल तर १०८०पीचा हट्ट नको. ३००० केबीपीएसवरचं ७२०पी त्याहून स्वच्छ दिसतं, विशेषतः हालचाल जास्त असेल तेव्हा.

आवाजाच्या बाबतीत ओबीएस आयतं काही देत नाही. माइकला फिल्टर आपणच लावायचे आणि क्रमही पाळायचा: नॉइज सप्रेशन (गोंगाट घालवणारा), कंप्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा), शेवटी लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारा). सप्रेशनमधला आरएननॉइज हा पर्याय पंख्याची घरघर छान घालवतो, पण वाद्यांनाही गोंगाट समजून गिळतो. संगीताच्या कार्यक्रमात तो बंदच ठेवा. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर) शब्दांची शेपटं कापतो, त्यामुळे शक्यतो टाळावा. कंप्रेसरचा मूळ रेशो (आवाज दाबण्याचं प्रमाण) १०:१ बोलण्यासाठी फार कडक आहे, ३:१ पुरे. बोलताना मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे -२० ते -९ डीबीमध्ये राहावा. माइकचा गेनच (आवाज वाढवण्याची पातळी) जास्त असून आवाज मुळातच फाटत असेल, तर कुठलाही फिल्टर तो शिवू शकत नाही.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा, फरक मोजा आणि तितके मिलिसेकंद माइकच्या 'सिंक ऑफसेट'मध्ये भरा. फरक हळूहळू वाढत जात असेल तर ऑफसेटचा उपयोग नाही. सगळ्या उपकरणांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ आहे का, ते बघा.

खरी तक्रार मांडणीबद्दल आहे. बिटरेट एका टॅबमध्ये, सॅम्पल रेट दुसऱ्यात, सिंक ऑफसेट मिक्सरच्या मेनूत दडलेला. शिवाय प्रक्षेपण सुरू झालं की रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट बदलता येत नाहीत, म्हणून चाचणी खासगी प्रक्षेपणावर आधीच उरकावी लागते.