जांभळाचा सिरका: एकत्र मिसळून भरावा की ज्याचा त्याचा वेगळा?

अचलपूरकडच्या आमच्या गावात आम्ही चौघं मित्र दर जूनमध्ये जांभळं आंबायला घालतो. खरं म्हणजे बेत वाइनचा होता. पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे त्याला परवाना लागतो, म्हणून सिरक्यावर आलो. दिवाळीनंतर चारही घरच्या बरण्या एका ओट्यावर येतात आणि वाद तोच: सगळं एका गंजात (मोठ्या भांड्यात) ओतायचं, की ज्याचं त्यानं भरायचं?

माझं मत मिसळण्याच्या बाजूनं आहे, पण सरसकट नाही.

मिसळण्याचा फायदा आकड्यांत दिसतो. यंदा एकाचा १० लिटर सिरका ५.८ टक्के आम्लतेचा निघाला, दुसऱ्याचा ८ लिटर ४.९ चा. तिसऱ्यानं पावसात भिजलेली जांभळं घेतली आणि गूळही हात आखडून घातला. त्याचा ६ लिटर जेमतेम ३.२ वर थांबला. विक्रीच्या सिरक्याला किमान ३.७५ टक्के लागते, म्हणजे तो एकटा पाण्यातच गेला असता. तिन्ही एकत्र केल्यावर २४ लिटर, सुमारे ४.८५ टक्के. मोजायचं टायट्रेशननंच (ठरावीक ताकदीचं अल्कलीचं द्रावण थेंबथेंब घालून आम्लता काढायची), जीभ फसवते. आम्ल संपल्याची खूण फिनॉल्फ्थॅलीन हे द्रव्य गुलाबी होऊन देतं, पण जांभळाच्या रंगात तो गुलाबी रंग दिसत नाही, तेव्हा नमुना पाण्यानं चांगला पातळ करून घ्या.

वेगळं भरण्याच्या बाजूनंही बोलायला हवं. आमच्या बांधावरची जांभळं बारीक, बियाच जास्त. त्यांचा तुरटपणा दुसऱ्या कुठल्या बरणीत नाही, आणि मिसळला की तो हरवतोच. शिवाय काही बिघडलं तर कोणाच्या बरणीमुळे, ते कळतं.

बिघडण्याचंच पाहा. मिसळल्यानं आंबटपणाची सरासरी निघते, वासाची नाही. चौथ्याच्या बरणीला नेलपॉलिशसारखा उग्र वास होता. एक जण म्हणाला, "टाक नं बे, एवढ्यात काय समजते?" ग्लासात चमचाभर मिसळून पाहिलं, समजत होतं. त्यामुळे आधी ग्लासात, मग गंजात. गंज स्टीलचाच हवा, ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा नको.

एक चूक माझी स्वतःची. मागच्या वर्षी गोडी पूर्ण उतरायच्या आत माझी बरणी मिसळात घातली आणि त्याच दिवशी बाटल्या भरल्या. आठवड्याभरात कोठीत दोन झाकणं उडाली. भिंतीवरचे जांभळे डाग चुन्याचे दोन हात देऊनही दिसतात. आता मिसळल्यावर दोन आठवडे गंजाला फडकं बांधून ठेवतो, बुडबुडे थांबले की गाळतो, ६५ अंशांपर्यंत गरम करून मगच भरतो.

बाटल्या दोन्ही प्रकारांत काचेच्याच. पत्र्याचं झाकण गंजतं, प्लास्टिकचं किंवा बूच लावा. गळ्यापर्यंत भरा, हवा राहिली तर वर पुन्हा साय धरते.

म्हणून: बरण्या दोनच असतील आणि दोन्ही चार टक्क्यांच्या वर, तर वेगळं भरा, चव राहील. एखादी अशक्त असेल तर मिसळा. वास मारणारी कुठंच घालू नका. चौथ्यानं ती घरी नेली, मीठ टाकून तांब्याच्या घागरी घासल्या. वहिनी म्हणे, "पुढच्या साली बी असाच कर जो."