मेंदूत पारा दाखवून २० सलाइन गळ्यात मारल्या

एमआरआय वाचता येणाऱ्या माणसाने हे लिहायचं म्हणजे लाजच आहे. शरीरात साचलेले धातू काढून देतो म्हणणाऱ्या 'डिटॉक्स' क्लिनिकचा धंदा असा: आधी स्पेक्ट (मेंदूचा एक स्कॅन), मग लघवीची तपासणी, मग ईडीटीएच्या (धातू पकडून शरीराबाहेर काढणारं औषध) २० सलाइन. १३ झाल्यावर डोळे उघडले.

स्पेक्टवर कपाळामागचा भाग निळा, म्हणे तिथे पारा साचलाय. अहो, स्पेक्टमध्ये रक्तपुरवठा दिसतो, धातू नाही! रंगपट्टीची वरची मर्यादा वाढवली की धडधाकट मेंदूही निळा पडतो.

पण माझी खरी चूक लघवीच्या अहवालावर झाली. तळाला बारीक अक्षरात 'डीएमएसएनंतर ६ तास'. डीएमएसए हेही धातू काढणारं औषध. शेजारचा 'नॉर्मल' रकाना मात्र औषध न घेतलेल्यांचा. धातू ओढून लघवीत सोडणं हेच त्या औषधाचं काम, आकडा कोणाचाही चढणार. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने २०१० मध्येच ही पद्धत निराधार ठरवली आहे. तळाची ती ओळ मी वाचली होती. वाचून पान उलटलं. त्याच पानावर गॅडोलिनियमपुढे लाल बाण, म्हणजे दोन दिवसांपूर्वीच्या एमआरआयचंच कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून टोचतात ते औषध)! कॉन्ट्रास्टनंतर निदान ९६ तास धातूंसाठी नमुना देऊ नका.

गाढवपणा खरा, पण सगळाच माझा नाही. एमआरआयच्या टी१ प्रकारच्या चित्रांत ग्लोबस पॅलिडस (मेंदूच्या आत खोलवरचा एक भाग) दोन्हीकडे सारखा पांढरा होता. मँगनीज असाच दिसतो. सिरोसिसही (लिव्हरचा आजार) असाच दिसतो, आणि वारंवार दिलेलं 'लिनियर' प्रकारचं गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टही. लिव्हरची तपासणी कोणी सुचवलीच नाही. आणि पारा? जपानमधल्या मिनामाटातल्या विषबाधेत मिथिल पाऱ्याने दृष्टीचा कॉर्टेक्स (मेंदूचा मागचा भाग) आणि लहान मेंदू आक्रसले होते. शिवाय पाऱ्यावर ईडीटीए हे औषधच नव्हे.

बाटली हातात घेऊन वाचा. 'कॅल्शियम' शब्द नसलेलं नुसतं डायसोडियम ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने उतरवतं. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान कीलेशनमध्ये (औषधाने धातू काढण्याच्या उपचारात) कॅल्शियम उतरून तिघे दगावले, त्यात दोन लहान मुलं.

आता तक्रारीचं. लॅब म्हणते, आकडे बरोबर आहेत. (आहेतच, तुलना खोटी आहे.) स्पेक्टवाले म्हणतात, अर्थ क्लिनिकने लावला. नियामक कार्यालय म्हणतं, पावतीवर 'वेलनेस' लिहिलंय, हा उपचार नाही, आमच्याकडे येत नाही. शिरेत सुई खुपसली तरी उपचार नाही! मग म्हणे तज्ज्ञाचं लेखी मत आणा. तज्ज्ञ मूळ डायकॉम फाइल (स्कॅनचा पूर्ण, मूळ डेटा) मागतो, आणि सीडीवर निघाले ७ जेपीईजी. डायकॉम त्याच दिवशी मागून घ्या, नंतर 'सर्व्हरवरून गेलं' एवढंच ऐकायला मिळतं. दुसऱ्यांदा अर्ज दिला तर पहिल्याचा क्रमांकच सापडेना.